रविवारी पळायचं नाही

अड्याळच्या बसस्टॉपजवळ जागेश्वर भुरे यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप, कुलरच्या मोटारी, कधी पिठाच्या गिरणीची मोटार असं काहीबाही तिथं कायम उघडून ठेवलेलं असतं. पण गावात त्यांना मोटारवाले म्हणून कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना सर म्हणतात. शिक्षक ते कधीच नव्हते, बारावीच्या पुढे शिकलेही नाहीत. रोज पहाटे पाच ते साडेसात ते शाळेमागच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना पळवतात, म्हणून ते सर.

त्यांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांना सैन्यात जायचं होतं. जितकं जास्त पळू तितकं चांगलं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. आठ महिने एक दिवसही न चुकवता ते पवनीच्या रस्त्यावर पळाले. गुडघा सुजला तर मिठाच्या गरम पाण्याने शेकून पळाले. अंगात ताप असतानाही पळाले. भरतीला महिना उरला असताना एका सकाळी गुडघ्यात काहीतरी सटकलं आणि ते रस्त्याच्या कडेला बसले ते बसलेच. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहून म्हटलं, "सूज आली तेव्हाच आठ दिवस बसला असता तर..." सैन्य तिथंच संपलं.

म्हणून पंचवीस वर्षांनी जेव्हा त्यांनी मैदान सुरू केलं, तेव्हा पहिला नियम केला तो हा: रविवारी पळायचं नाही. चुन्याने आखलेल्या गोलावर रविवारी पाऊल दिसलं तर त्या पोराला सोमवार, मंगळवार, बुधवार घरी बसावं लागे. सूरज नावाच्या एका पोराला त्यांनी खरोखरच तीन दिवस घरी पाठवलं होतं. "मोटार सलग चालली तर काय होते? आतल्या तारेची वाइंडिंग जळते. तुमी का मोटारीपेक्षा मजबूत आहा?" असं ते विचारत. आपल्याला जे कुणी सांगितलं नाही ते आपण या पोरांना सांगतो, याचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान खोटाही नव्हता. चार वर्षांत त्यांची सहा पोरं भरती झाली होती आणि एकाचाही पाय मोडला नव्हता.

मग स्वाती गभणे आली.

अड्याळपासून तीन किलोमीटरवरच्या एका टोलीतून, म्हणजे लहानशा वस्तीतून, ती पहाटे सायकलने यायची. वय बावीस. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. पहिल्या दिवशी आठशे मीटर पळून आली तेव्हा सरांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. तीन मिनिटं नऊ सेकंद. पायात साधे कापडी बूट, कुठलीही तयारी नाही.

"आधी कुठं पळत होती का तू?" त्यांनी विचारलं.

"नाई सर."

"मंग?"

"वावरात जाते मी. शाळेत पायी जात होती." एवढं बोलून ती खाली पाहत उभी राहिली.

होळीच्या सुमाराला आलेली स्वाती मे महिना संपेपर्यंत दोन मिनिटं चौपन्नवर आली. मुलींमध्ये तिच्या जवळपास कुणी नव्हतं. सरांनी घरी बायकोला, रुपाला, जेवताना सांगितलं, "ही पोट्टी भरतीत लागते. यंदाच लागते." त्यांनी असं आजवर कुणाबद्दल म्हटलं नव्हतं. मैदानी चाचणी ऑगस्टच्या शेवटी भंडाऱ्यात होणार, असं जाहीर झालं होतं.

जुलै लागला, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पाणी भरलं आणि रोवणे, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाले. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात हे दिवस कसे असतात ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटायचे, चिखल केलेल्या बांधीत ओळीने वाकून एकेक रोप लावत मागे मागे सरकायचं. हे काम बायकांचं. सकाळी वाकलेली पाठ अंधार पडताना सरळ होते.

स्वातीची वेळ वाढायला लागली. दोन सत्तावन्न. मग तीन मिनिटं दोन. मग तीन सहा. सरांना समजेना. खाणंपिणं विचारलं, तर ठीक. झोप विचारली, तर ठीक. दर सोमवारी ते विचारत, "काल आराम केला ना?" आणि ती म्हणे, "हाव सर." मोबाइल पाहत जागत असेल, असं त्यांच्या मनात आलं. वयच तसं. एका सकाळी सगळ्यांसमोर ते बोलून गेले, "स्वाती, आळस भरला तुह्या आंगात. आतापासून सगळे गेल्यावर दोन राउंड जास्तीचे मारत जा."

सगळे गेल्यावर तिने दोन राउंड मारले. पुढचे बारा दिवस मारले. डाव्या पायाला तिने ओढणीची पट्टी घट्ट बांधली होती, सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "काटा रुतला होता."

सोमवार होता. पावसाची उघडीप होती. दुसऱ्या राउंडच्या वळणावर स्वाती एकदम थांबली. पडली नाही, ओरडली नाही. डावा पाय जमिनीवर टेकवून पाहिला, पुन्हा उचलला, आणि ओल्या गवतात खाली बसली. सर लंगडत धावले.

"काय झालं?"

"टेकवत नाई सर."

"कुठं दुखते?"

तिने नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. सरांनी तिथे नुसता अंगठा लावला तर तिचा चेहरा पांढरा झाला. मैदानावरची दुसरी मुलगी, टीना, मागे बसली, तिने स्वातीला मध्ये घेतलं आणि सरांनी मोटारसायकल भंडाऱ्याकडे काढली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि पेनाच्या टोकाने एक अगदी बारीक रेघ दाखवली. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. एका दिवसाची नव्हती ती. थोडं थोडं रोज झिजत जाऊन झालेली.

"किती दिवस दुखत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला असन."

"आणि पळत होतीस?"

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. "तुम्ही शिकवता ना? आठवड्यातून विश्रांती देता की नाही?"

"पूर्ण रविवार सुट्टी असते साहेब," सर म्हणाले. आवाज नकळत वर गेला. "माह्या मैदानावर कडक नियम आहे तो."

"मग एवढं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर स्वातीच्या पायांवर गेली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सोलवटली होती. त्यांनी तिथे लावायला मलम लिहून दिलं. पायाला आठ आठवडे भार द्यायचा नाही, पळणं त्यानंतर, तेही हळूहळू. ऑगस्टची भरती गेली.

टोलीवर पोचेपर्यंत दुपार झाली होती. स्वातीचे वडील चंद्रभान परसात खाटेवर होते. दोन वर्षांपूर्वी पोती उतरवताना त्यांच्या मणक्याची चकती सरकली, तेव्हापासून जड काम बंद. आई कौशल्याबाई निरोप मिळताच वावरातून तशाच आल्या होत्या. लुगड्याचा काष्टा भिजलेला, कोपरापर्यंत चिखल. पोरीच्या पायाला बांधलेलं पाहून त्या उंबऱ्यावरच बसल्या.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "मले समजत नाई बाई. रविवारी मी पळू देत नाई. आठवड्याचा एक दिवस आराम तर भेटतच होता तिले."

कौशल्याबाईंना प्रश्नच कळला नव्हता.

"रविवारी?" त्या म्हणाल्या. "रविवारी तर दिवसभर राहते जी ती रोवण्यावर. बाकीच्या दिवशी तुमचं ग्राउंड असते, ते आटपून येते, भाकर खाते, मंग नऊ-दहाले येते बांधीत. रविवारी ग्राउंड नाई, म्हणून सकाळी सहालेच येते माह्यासंग. रविवारीच तर पूर्ण दिवस भेटते आमाले."

सरांनी बोटांवर दिवस मोजले.

"कालबी?"

"कालबी. काल तं पऱ्हेही तिनंच उपटले. माहा हात सुजला होता."

चंद्रभान खाटेवरून म्हणाले, "मी उठलो असतो तं पोरीले जा लागलं नसतं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सरांनी स्वातीला विचारलं, "मी दर सोमवारी इचारत होतो पोरी. आराम केला का म्हणून. तू हाव म्हणत होती."

"खोटं नाई बोलली सर," स्वाती म्हणाली. तिला पहिल्यांदाच रडू आलं. "पळायचं नाई म्हंजे आराम, असंच समजली मी. रोवण्याले कोणी काम म्हणतच नाई आमच्यात. ते तर असतेच."

परतताना सरांनी मोटारसायकल दुकानाकडे नेली नाही, घरीही नेली नाही. तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. आळस भरला तुह्या आंगात. हे वाक्य आपण चौदा पोरांसमोर बोललो होतो. सहा दिवस पळणं आणि अर्धा दिवस चिखल, सातव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखल, आणि त्यावर आपण चढवलेले दोन राउंड. महिनाभर त्या हाडाला एक दिवस मिळाला नव्हता. ज्या दिवशी आपण तिला विसावा दिला असं समजत होतो, तोच तिचा सगळ्यात जड दिवस होता.

मैदान त्यांनी आठवडाभर बंद ठेवलं.

त्या रविवारी त्यांच्या स्वतःच्या दोन एकरात रोवणा होता. दरवर्षी चिखलणी ते करत, बांध बांधत, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत फेकून देत आणि दुकानावर निघून जात. लावणं रुपा आणि पाच बायका करत. त्या दिवशी त्यांनी पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि बायकांच्या ओळीच्या टोकाला जाऊन वाकले. बायका हसल्या. बेबीबाई म्हणाली, "सर, तुमची भरती होऊन राहिली का आमच्यात?" तेही हसले.

तासाभराने कुणी हसत नव्हतं. त्यांची ओळ मागे पडली होती. वाकून लावण्यापेक्षा जास्त त्रास पाऊल उचलण्याचा होता. चिखल पोटरीला घट्ट धरून ठेवी. प्रत्येक पाऊल ओढून काढावं लागे, आणि ओढताना नडगीच्या आतल्या बाजूला, बरोबर तिथेच, ताण बसे. दुपारी एकला ते बांधावर आडवे झाले. बायका संध्याकाळपर्यंत बांधीत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना उठता येईना. पाय लाकडासारखे. रुपा चहा घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी बसून पोटऱ्या चोळू लागली.

"या पायांनं ती आठशे मीटर पळत होती," सर म्हणाले.

रुपा चोळत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "वीस वर्षं झाले मले रोवून. दुसऱ्या दिवशी पाय कसे राहते, तुमी कधी इचारलं नाई."

त्यांनी तिचा हात धरून चोळणं थांबवलं आणि तिला बसवून ठेवलं. चहा त्या दिवशी दोघांनी एकत्र प्यायला.

मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा पळण्याआधी सर सगळ्यांना गोल बसवू लागले. एकेकाला विचारू लागले, काल दिवसभर काय काय केलं. पळण्याचं नाही, सगळं. आणि तेव्हा जे बाहेर आलं ते ऐकून त्यांची मान खाली जात होती. मनिष वरठीच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट मैदानावर यायचा. एकजण भावाबरोबर विटा भरायला जायचा. टीना घरचं दहा जणांचं पाणी हापशीवरून आणायची, तेही मैदानावर येण्याआधी. इतके महिने हे सगळे त्यांच्यासमोर पळत होते आणि त्यांना फक्त घड्याळातली वेळ दिसत होती.

ते पोरांचं मनगट धरून नाडी पाहू लागले. पोरांनाही शिकवलं: झोपेतून उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर मोजायची. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील, चिडचिड होत असेल, भूक मेली असेल, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर त्या दिवशी पळायचं नाही, मग वार कोणताही असो. मनिषला त्यांनी तीन वेळा मैदानावरून झोपायला घरी पाठवलं.

सगळ्यांना हे पटलं नाही. भुरे सरांचं मैदान म्हणजे झोपायचं मैदान, असं गावात कुणीतरी म्हटलं आणि ते पसरलं. पाच पोरं पवनीच्या दुसऱ्या मैदानावर निघून गेली.

स्वातीचे ते आठ आठवडे सोपे गेले नाहीत. सर दर बुधवारी टोलीवर जात. एकदा ते पोचले तेव्हा ती खाटेवर पाय लांब करून बसली होती आणि समोरच्या रस्त्याने बायका वावराकडे जात होत्या. आईही त्यांत होती.

"लाज वाटते सर," ती म्हणाली. "तरणी पोरगी बसून आहे आणि आई जाऊन राहिली."

"हाड जुळते तवा ते कामच करते पोरी. तुले दिसत नाई एवढंच."

"आईचं कोण करते मंग?"

सर खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी आळस म्हटलं मी तुले. सगळ्यांसमोर म्हटलं. चूक होती माही." स्वातीने नुसती मान हलवली. पुढच्या सोमवारी त्यांनी हेच मैदानावर, उरलेल्या नऊ पोरांसमोर, पुन्हा म्हटलं. ती तिथे नसतानाही.

ऑगस्टच्या शेवटी टीना भंडाऱ्याला जाऊन चाचणी देऊन आली. स्वातीचं वर्ष गेलं.

डिसेंबरात ती मैदानावर परत आली. आधी नुसतं चालणं, मग मिनिटभर पळून मिनिटभर चालणं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. वेग यायला उन्हाळा उजाडला. आणि मग पुन्हा जुलै. या वेळी भरतीची तारीख रोवण्याच्या ऐन दिवसांतच आली. चंद्रभान आता थोडंफार उठू लागले होते, पण बांधीत वाकणं त्यांना शक्य नव्हतं. घरात तीनच माणसं, त्यांतली दोन रोवणारी. कुणी काहीही म्हटलं तरी स्वातीला वावरात जावंच लागणार होतं.

पण या वेळी ती स्वतः येऊन सांगायची. "सर, काल पूर्ण दिवस बांधीत होती. आज नाई पळत." किंवा, "सर, आज आईले सांगून आली, वावरात नाई जात. आज जोरात पळवा." आईशी तिचा एकदा मोठा वाद झाला, दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. मग कौशल्याबाईंनीच शेजारच्या बाईशी अदलाबदल ठरवली: आठवड्यातले दोन दिवस ती यांच्याकडे येईल, चाचणी आटोपली की स्वाती तिच्याकडे जाईल.

चाचणीच्या चार दिवस आधी सरांना एक शेवटची ट्रायल घ्यायची होती. स्वातीची वेळ किती येते ते त्यांना पाहायचं होतं. खरं तर त्यांच्या स्वतःच्याच जिवाला चैन नव्हतं. स्वाती बूट घालून आली, वाकून नाडा बांधला, मग उभी राहिली.

"सर, आज नको."

"दुखते का?"

"दुखत नाई. पण सकाळी नाडी जास्त होती. पाय जड आहे. आज पळली तर चार दिवसांनी नाई पळता येणार."

सरांच्या हातात घड्याळ होतं. त्यांनी ते खिशात टाकलं. "घरी जा. झोप," ते म्हणाले. ती सायकलवरून वळणापर्यंत जाईस्तोवर ते पाहत होते.

भंडाऱ्याला स्वाती आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत पळाली. लेखी परीक्षेत ती मागे राहिली आणि पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. आठ महिने ती आणि घरचे तसेच होते. आशा धरावी की सोडावी, कळत नव्हतं. मग दुसरी यादी लागली आणि तीत तिचं नाव होतं, शेवटून चौथं.

ती प्रशिक्षणाला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई पहाटे मैदानावर आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. पोरांनी गोल केला, टाळ्या वाजवल्या. सरांच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा ते तो तसाच धरून उभे राहिले.

"बाई, त्या पोरीचं एक वर्ष माह्या हातानं गेलं," ते म्हणाले.

"माह्याही हातानं गेलं जी," कौशल्याबाई म्हणाल्या. "खा तुमी."

त्यांनी खाल्ला. कौशल्याबाई पाच मिनिटंच थांबल्या. रस्त्यावर बायका त्यांची वाट पाहत होत्या, ऊन व्हायच्या आत पऱ्हे उपटून घ्यायचे होते. पदर कमरेला खोचून त्या भरभर चालत गेल्या. यंदा घरातून त्या एकट्याच होत्या. सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग टीनाची धाकटी बहीण पहिल्यांदाच मैदानावर आली होती, तिच्याकडे वळून त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि विचारलं, "काल दिवसभर काय काय केलं तू?"